माझा आवाज येतोय का?

शिंत्रे करंडकाची घंटा गेली चौदा वर्षं शुभदा इंगवले यांच्या हातात होती. पितळेची, लाकडी मुठीची, खणखणीत. पाच मिनिटांनी एक ठोका, म्हणजे आवरतं घ्या. सहाव्या मिनिटाला दोन ठोके, म्हणजे खाली बसा, मग वाक्य अर्धं राहिलेलं असो की अख्खं. या घंटेपुढे आमदारांच्या पुतण्याचीही गय झाली नव्हती. गडहिंग्लजच्या कॉलेजात मॅडम मराठी शिकवायच्या, पण तालुक्यात त्या 'घंटावाल्या मॅडम' म्हणूनच ओळखल्या जात, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी हट्टाने ही वक्तृत्व-वादविवाद स्पर्धा ऑनलाइन केली. चंदगड-आजऱ्याच्या वाड्यांवरून एका मुलाला इथवर आणायचं तर घरच्यांचे दोन दिवस मोडायचे. घरी बसून बोलता आलं तर ती पोरंही उतरतील, असा त्यांचा विचार. पोरं उतरली, पण त्यांचे आवाज पोचेनात. कोल्हापूरच्या मुलीचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, आणि वाडीवरच्या पोराच्या आवाजाच्या नुसत्या चिरफळ्या. परीक्षक अंदाजाने गुण द्यायचे आणि तो अंदाज नेहमी कमीचाच असायचा. भाषणाची सुरुवात 'अध्यक्ष महाराज'ने होणं कधीच बंद झालं होतं. प्रत्येक जण आधी विचारायचा, "माझा आवाज येतोय का?" मॅडम म्हणायच्या, "येतोय, सुरू करा." निम्म्या वेळा ते खोटं असायचं.

यंदा कॉम्प्युटरच्या मुल्ला सरांनी त्यावर तोडगा आणला. त्याचं नाव 'सलग'.

शाहीद मुल्ला तरुण आणि हुशार. समजावून सांगताना हाताशी असेल ते वापरायची त्यांना सवय. स्टाफरूममध्ये त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला आणि टेबलावर बिस्किटांची एक रांग मांडली.

"आवाज नेटवरून अख्खा जात नाही, मॅडम. त्याचे असे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास. वाटेत त्यातले दोन-तीन हरवले," त्यांनी दोन बिस्किटं तोंडात टाकली, "की पलीकडे खड्डा पडतो. 'सलग' काय करतं, बोलणाऱ्याचा आवाज आधी शिकून घेतं. पुढचा शब्द काय असणार ते ताडतं आणि त्याच्याच आवाजात खड्डा भरून काढतं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. वर्षभर आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हेच चालू आहे. 'हॅलो, आवाज तुटतोय' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात, आठवतंय?"

मॅडमना आठवेना.

"आणि चुकीचं ताडलं तर?"

"खड्डा लांब असला तर चुकतं कधी कधी. पुढचं भाषण त्याला आधीच ठाऊक असेल, तर मात्र चुकायचा प्रश्नच नाही."

मॅडमनी ते पुढचं वाक्य तेवढं नेमकं उचललं. भाषण लिहून काढायचं, कुणाला तरी दाखवायचं आणि घोकून पाठ करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. अंतिम फेरीचे लेखी मसुदे त्या दरवर्षी तीन दिवस आधी मागवून घ्यायच्या आणि ते फाइलीत पडून राहायचे. यंदा त्यांनी सगळे मसुदे 'सलग'ला वाचायला देऊन टाकले. वाडीवरच्या एकाही पोराचा एकही शब्द वाया जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आपण केवढं चांगलं काम केलं, या खुशीत त्यांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला चहा सांगितला.

अंतिम फेरीचा विषय होता, 'खेड्यातली एसटीची फेरी तोट्यात असली तरी चालूच राहिली पाहिजे.' नेटवर ताण नको म्हणून व्हिडिओ बंद, पडद्यावर बोलणाऱ्याचा नुसता फोटो. पाचवा स्पर्धक प्रणित गावडे, अकरावी, किरमटेवाडी, तालुका चंदगड. बाजू अनुकूल. कॉलेजं दरवर्षी तीच ती चार तयार पोरं पाठवतात म्हणून मॅडमनी यंदा थेट नाव द्यायची मुभा ठेवली होती. हा मुलगा तसाच, कुणाच्या शिफारशीशिवाय आलेला.

"माझा आवाज येतोय का?"

"येतोय, अगदी स्पष्ट. सुरू करा."

आणि तो जो बोलला! कुठे घाई नाही, कुठे अडणं नाही. तीन परीक्षकांपैकी एकीने पेन खाली ठेवलं ते शेवटपर्यंत उचललं नाही. दुसरी घंटा व्हायला दहा सेकंद असताना त्याने शेवटचं वाक्य बरोबर जागेवर आणून ठेवलं. मॅडमनी घंटा वाजवली ती नुसती रीत म्हणून. निकाल एकमताने लागला.

त्याच दुपारी त्यांनी त्याला फोन केला.

"मॅडम, तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलात, त्याबद्दल आभारी आहे," तो म्हणाला.

हे कसले आभार, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण पोर भांबावलं असेल, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही.

बक्षीस समारंभ मात्र प्रत्यक्ष असायचा. विजेत्याने सभागृहात, माणसांसमोर, आपलं भाषण पुन्हा करायचं आणि मग करंडक उचलायचा. समारंभ शनिवारी सकाळी होता. किरमटेवाडीची गाडी तेवढ्या लवकर पोचत नाही, म्हणून प्रणित आणि त्याची आई शुक्रवारी दुपारीच आले. मॅडम ऑफिसात पत्रिका मोजत होत्या.

"या, या! प्रणित ना?"

मुलाने तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. मानेची शीर ताठ झाली, डोळे मिटले, ओठ एकमेकांवर घट्ट बसले. "प्… प्… प्…" आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली. पाच सेकंद गेले. दहा गेले. "प्र… प्रणित," तो म्हणाला आणि त्याने दम घेतला. आडनाव अजून बाकी होतं.

हा तो नव्हे. चौदा वर्षांत मॅडमनी एकाच्या नावावर दुसऱ्याला बोलताना दोनदा पकडलं होतं, एकदा तर सख्खे भाऊ. पण करंडक जिंकेपर्यंत कुणाची मजल गेली नव्हती. उद्या पेपरवाले येणार. त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"भाषण कुणी केलं होतं?"

"कुनी म्हंजे?" आई म्हणाली. "त्यानंच की."

"ताई, मी सहा मिनिटं त्याचं भाषण ऐकलंय. फोनवर बोललेय. हा तो मुलगा नव्हे. खरं काय ते सांगा, मी पोलिसात वगैरे जाणार नाही."

बाईने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. बोटं तेलाने काळीभोर पडलेली. "काजूच्या कारखान्यात टरफलं सोलून हात असं झाल्यात, मॅडम. पर चोरी न्हाई शिकवली पोराला."

प्रणितचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने काही बोलायचा प्रयत्नच केला नाही. खिशातून फोन काढला, एक फाइल उघडली आणि मॅडमसमोर ठेवली. पुढे तक्रार उद्भवली तर असावी म्हणून प्रत्येक स्पर्धकाच्या फोनमध्ये भाषणाची एक मूळ प्रत राहायची. हा नियमही मॅडमचाच.

मायलेकाला ऑफिसात बसवून मॅडम फोन घेऊन लॅबमध्ये गेल्या. मुल्ला सरांनी दाराला कडी लावली आणि फाइल सुरू केली.

"म… म… म…"

फोनमधला मुलगा अजून त्या पहिल्या अक्षरावरच होता, आणि पलीकडून मॅडमचा स्वतःचा आवाज आला, हसरा, उत्साही. "येतोय, अगदी स्पष्ट. सुरू करा."

त्याने अजून काही विचारलंच नव्हतं, आणि त्या उत्तर देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

मुलगा बोलत राहिला. एकेक शब्द जड पोतं ढकलावं तसा. पाचव्या मिनिटाची घंटा झाली तेव्हा मसुद्याचे जेमतेम दोन परिच्छेद झाले होते. मग त्याने मसुदा सोडून दिला.

"मला क… किरमटेवाडी म्हणता येत नाही," तो म्हणत होता. "एसटीत तिकीट काढताना मागचे लोक ओरडतात. पण आमच्या फेरीचे क… कंडक्टर पिशवी मांडीवर घेऊन बसतात. माझं पूर्ण होईपर्यंत. गाव त्यांना माहीत असतं, तरी थांबतात. तोटा म… मोजताना हे कुठं धरलंय? आज तुम्हीपण थांबलात. कुणी मधे तोडलं नाही. म्हणून म्हणतो, ती फेरी च… च…"

ठण ठण.

मॅडमनी घंटा वाजवली होती, कुठल्याशा दुसऱ्याच भाषणाला.

मुल्ला सरांनी दुसरी फाइल लावली, परीक्षकांनी ऐकलेली. एकदम गुळगुळीत. मसुद्याबरहुकूम, काना-मात्रा न चुकता. कंडक्टर त्यात नव्हताच.

"शब्दाच्या मधे आवाज थांबला की 'सलग'ला तो खड्डाच वाटतो, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याने भरायला घेतलं. मसुदा हाताशी होता, त्यामुळे ते पुढे निघून गेलं. मागून पोराचे खरे शब्द येत होते, ते त्याने शिळे म्हणून टाकून दिले. पहिल्या अक्षरानंतर त्याचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही."

"पण हा आवाज त्याचाच आहे हो."

"नावनोंदणीच्या वेळी आपण प्रत्येकाकडून प्रतिज्ञा म्हणून घेतली होती. पाठ असलेलं, तालात म्हटलं तर अशी मुलं बहुधा अडत नाहीत. आवाज तिथून घेतला त्याने." मुल्लांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ही यंत्रणा शिकवताना लाखो तासांचं बोलणं वापरलंय. त्यात अडखळणारे आवाज आले असणार, ते खराब नमुने म्हणून आधीच काढून टाकले. माणूस नुसता थांबूही शकतो, हे 'सलग'ला कुणी सांगितलेलंच नाही."

यंत्राला शिव्या देणं सोपं होतं, पण मसुदे यंत्राने मागितले नव्हते. ते मॅडमनी आपणहून दिले होते आणि वर चहा पाजला होता.

ऑफिसकडे परत जाताना त्यांनी एक वाक्य जुळवून ठेवलं. त्या दिवशी लाइनमध्ये गडबड होती, माझीच चूक झाली, बक्षिसाच्या फॉर्मवर सही कर. बस्स. पोराला करंडक मिळेल, कुणाचं काही बिघडणार नाही.

पण प्रणितने आपला प्रश्न तयार ठेवला होता. तो पुरा व्हायला पाऊण मिनिट लागलं.

"मॅडम, तुम्ही त… तर मला ऐकलंय. मग आज का न… नाही ओळखलं?"

मॅडम गप्प झालेल्या बघून आईचा राग जरा निवळला. तिला वाटलं, बाईंना चूक कळली. ती सांगू लागली, "वरीस झालं बगा, पोरगं खुललंय. आदी फोनवर ह्यो बोलाय लागला की लोक मदीच ठिवून द्यायची. आता ग्यासवाला थांबतोय, ब्यांकेतली बाई थांबती. म्हनून तर म्हटलं, दे नाव."

"ल… लोक बदललेत," प्रणित म्हणाला, आणि हसला.

गॅसवाला थांबत नव्हता. बँकेतली बाई थांबत नव्हती; फोनमधलं 'सलग' त्याचं वाक्य पुरं करत होतं. वर्षभर हा मुलगा जगाचा चांगुलपणा उराशी धरून बसला होता, आणि तो चांगुलपणा बिस्किटांच्या खड्ड्यात भरलेला माल होता. जुळवून ठेवलेलं वाक्य मॅडमच्या जिभेवर होतं. ते म्हटलं असतं तर तो हसतच घरी गेला असता. पण उद्या तो व्यासपीठावर उभा राहणार होता, तीनशे माणसांसमोर, लोक बदललेत या भरवशावर.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. बिस्किटांसकट.

तो ऐकत राहिला. हसू कधी गेलं ते कळलंही नाही.

"म्हणजे…" तो म्हणाला आणि अडकला. आई कॅलेंडरकडे बघू लागली. मॅडम थांबल्या. बाहेर तासाची बेल झाली, मुलं वर्गांतून बाहेर पडली, पुन्हा आत गेली, इतका वेळ त्या थांबल्या. "म्हणजे… क… कुणीच… नाही थांबलं?"

"नाही."

आई उठली. तिने पोराचा दंड धरला. "मंग सांगितलंसा कशाला?" ती म्हणाली. "वरीसभर सुखात हुतं माझं पोर. कशाला सांगितलंसा?"

फॉर्म सहीविना टेबलावर राहिला.

शनिवारी सकाळी सात वाजता मॅडमच्या फोनवर संदेश आला. लिहिताना प्रणित कुठेच अडत नसे. 'मी येतो. करंडक नको. मला सहा मिनिटं द्या आणि घंटा सगळ्यांना वाजवता तशीच वाजवा.'

मुल्ला सर सभागृहात माईकची जोडणी करत होते. संदेश वाचून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, 'सलग' इथल्या स्पीकरलाही जोडता येईल. मसुदा आहेच. लांबून ओठ कुणाला दिसतात? पोरगं तीनशे जणांत हसं होण्यापेक्षा…"

मुल्ला सर वाईट माणूस नव्हते. त्या पोराची त्यांना खरीच कळकळ होती, आणि मॅडमनाही मोह झाला. हॉलमधली ती पोरं त्यांनी बघितली होती. शिक्षकाने मुद्दाम दोन क्षण थांबून बघितलं तरी चुळबुळ करणारी.

"त्याने सहा मिनिटं मागितलीत, सर. आपली नाही," त्या म्हणाल्या. "'सलग'ची ती पेटी कपाटात ठेवा आणि किल्ली मला आणून द्या."

समारंभ सुरू झाला. मॅडम माईकपाशी गेल्या आणि घडलं ते सगळं त्यांनी न लपवता सांगितलं. मसुदे आपण दिले हेही सांगितलं. यंदाचा पहिला क्रमांक कुणालाच नाही, पण विजेता म्हणून ज्याचं नाव पुकारलं तो आज बोलणार आहे. सभागृहात कुजबुज झाली, मग एकदम चिडीचूप. करंडक टेबलावर नुसताच चमकत राहिला. मॅडम शेजारी बसल्या, डाव्या हातात घड्याळ, उजवीकडे घंटा.

प्रणित आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पाठीमागे. त्याने एकदा आईकडे बघितलं, ती पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती. मॅडमनी घड्याळ सुरू केलं.

"म…"

पुढे काहीच नाही. तीनशे डोकी वर झाली आणि छताजवळच्या स्पीकरकडे बघू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज गेला." शिपाई धावत व्यासपीठावर आला, त्याने माईकची वायर हलवली, पिन काढून पुन्हा खोचली. कुणी चेष्टा करत नव्हतं. मॅडमना त्याचाच धक्का बसला. आता सांगूनसुद्धा, समोर माणूस ताठ उभा दिसत असूनसुद्धा, त्यांना वायर तुटली असंच वाटत होतं. माणूस थांबलाय, हे एकालाही सुचलं नाही.

मॅडमनी हाताने शिपायाला बाजूला केलं.

"म… म… म…"

"माझा!" तिसऱ्या रांगेतून एका मुलीने शब्द पुरवला, अगदी मायेने.

प्रणितने मान हलवली. नको. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याची आई वरच्या पंख्याकडे बघत होती. पन्नास सेकंद. एक मिनिट. सभागृहातला एकेक जण आता स्पीकरवरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघू लागला होता. कुणी हललं नाही.

"माझा आ… आवाज… य… येतोय का?"

एक मिनिट अकरा सेकंद. तो मॅडमकडे वळला आणि बघत राहिला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे. चार वर्षं त्या हे उत्तर न ऐकताच देत आल्या होत्या.

त्यांनी तोंड उघडलं. "ये…" त्या म्हणाल्या, आणि पुढचं अक्षर काही केल्या निघेना. सगळं सभागृह आता त्यांच्याकडे बघत होतं. हातातलं घड्याळ चालूच होतं, आणि हे सेकंद त्याच्या सहा मिनिटांतले होते, हे त्यांना कळत होतं.

प्रणितने शब्द पुरवला नाही. हात पाठीमागे घेऊन तो त्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबला.

"येतोय," त्या शेवटी म्हणाल्या. "सुरू करा."

चार मिनिटं चाळीस सेकंद उरले होते.